पंधराव्या दिवशी मैदानावर कोण?

गेल्या वर्षीच्या मार्च महिन्यातील गोष्ट. रविवारी सकाळी नेहमीप्रमाणे न्यू जर्सीहून मुलाचा फोन आला. हल्ली फोनवर माणसांची तोंडेही दिसतात, त्यामुळे घरात काही बिनसले असेल तर ते शब्दांआधी चेहऱ्यांवरून कळते. सूनबाई गप्प होती. मुलगा उगाचच हवापाण्याच्या गप्पा मारत होता. शेवटी सतरा वर्षांची नात पुढे सरसावली आणि म्हणाली, “आजोबा, तुम्हीच सांगा. मी फिलिपिन्सला जाऊ की नको?”

प्रकरण असे होते. नात शाळेच्या बास्केटबॉल संघात खेळते. संघातील एका मैत्रिणीच्या चर्चतर्फे दहा-बारा मुलामुलींचा एक गट उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन आठवड्यांसाठी फिलिपिन्सला निघाला होता. तिथल्या मुलांसाठी बास्केटबॉलची शिबिरे घ्यायची, जाताना चेंडू आणि बूट न्यायचे, दुपारच्या विश्रांतीत मुलांना गोल करून बसवायचे आणि बायबलमधील एखादी गोष्ट सांगायची, असा कार्यक्रम. जाणारी मुले ख्रिस्तीच हवीत अशी अट नव्हती. खेळ येत असला म्हणजे झाले. सूनबाईचे म्हणणे, “आपण दर वर्षी घरी गणपती बसवतो, आणि पोरीने परदेशात जाऊन येशूचा प्रचार करायचा?” मुलाचे म्हणणे, कॉलेजच्या अर्जात अशा कामाची नोंद चांगली दिसते. नातीचे म्हणणे एवढेच, “मला खेळ शिकवायचा आहे.”

मी पुण्यातील एका शाळेत चौतीस वर्षे क्रीडाशिक्षक होतो. गळ्यातली शिट्टी उतरवून बरीच वर्षे झाली, पण मैदानाचा प्रश्न निघाला की कोणी ना कोणी माझ्याकडे वळते. मात्र हा प्रश्न नुसता मैदानाचा नव्हता. त्यात धर्म होता, दानधर्म होता आणि श्रीमंत देशाने गरीब देशाकडे कसे पाहावे हेही होते. मी चौदा दिवसांची मुदत मागून घेतली. त्या दिवसांत जे वाचले, पाहिले आणि मनाशी घोळवले, ते आज वाचकांपुढे ठेवतो आहे.

मिशनच्या घरात जन्मलेला खेळ

चौदा दिवस मी सहज म्हणालो नव्हतो. क्रिकेट इंग्लंडच्या कुरणांवर वाढले, कबड्डी कोणी काढली हे कोणालाच सांगता येणार नाही. पण बास्केटबॉलचा जन्मदाखला उपलब्ध आहे आणि त्यावर चौदा दिवसांची मुदत लिहिलेली आहे. १८९१ साली अमेरिकेतील स्प्रिंगफिल्ड येथे वायएमसीएच्या, म्हणजे तरुणांसाठी काम करणाऱ्या ख्रिस्ती संघटनेच्या, प्रशिक्षण विद्यालयात जेम्स नायस्मिथ नावाचे तिशीतले शिक्षक होते. मूळचे कॅनडाचे, धर्मशास्त्राचा अभ्यास करून व्यायामशिक्षणाकडे वळलेले. बाहेर हिवाळा आणि आत कवायतीला कंटाळलेला अठरा जणांचा वर्ग. विभागप्रमुख ल्यूथर गुलिक यांनी त्यांना चौदा दिवस दिले आणि सांगितले, छपराखाली खेळता येईल असा एखादा नवा खेळ काढा.

नायस्मिथ यांनी पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्याला दहा फुटांवर ठोकल्या, पायाने खेळायचा फुटबॉल हातात दिला आणि तेरा नियम लिहून वर्गात लावले. चेंडू घेऊन पळायचे नाही, खांद्याने धक्का मारायचा नाही, समोरच्याला पाडायचे नाही. पहिल्या सामन्यात सगळा मिळून एकच गोल झाला. पण खेळ लागला. डिसेंबरमध्ये जन्मलेला हा खेळ पाहता पाहता वायएमसीएच्या माणसांबरोबर बोटीत बसला. १८९५ साली तो चीनच्या तिआनजिन शहरात पोचला होता.

त्या काळी इंग्लंड-अमेरिकेत असा एक विचार जोरात होता की, धर्म हा केवळ गुडघे टेकून करायच्या प्रार्थनेचा विषय नाही; धडधाकट शरीर आणि खिलाडू वृत्ती हीदेखील धर्माचीच अंगे आहेत. गावोगावी मारुती स्थापन करणाऱ्या समर्थांच्या महाराष्ट्राला हा विचार परका वाटू नये. तेव्हा ‘खेळात धर्म कशाला आणता?’ हा आक्षेप बास्केटबॉलच्या बाबतीत इतिहासाला धरून नाही. या खेळात धर्म कोणी नंतर आणलेला नाही; तो पाळण्यापासूनच होता. प्रश्न वेगळा आहे. पुढे या जोडीचे काय झाले?

मध्यंतरातले प्रवचन

फिलिपिन्सचे उदाहरण घेऊ. १८९८ साली स्पेनकडून ही बेटे अमेरिकेच्या ताब्यात गेली. १९०१ मध्ये ‘थॉमस’ नावाच्या जहाजातून सुमारे पाचशे अमेरिकन शिक्षक तिथे उतरले. १९१० मध्ये वायएमसीएचे एलवूड ब्राऊन मनिलात आले. त्यांच्या खटपटीतून १९१३ साली मनिलात अतिपूर्वेकडील देशांच्या क्रीडास्पर्धा भरल्या. बास्केटबॉलने या देशाचे जणू बोट धरले ते पुन्हा सोडले नाही. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा समाविष्ट झाला, तेव्हा फिलिपिन्स पाचवा आला. १९५४ च्या जागतिक स्पर्धेत त्याने तिसरा क्रमांक मिळवला. १९७५ मध्ये तिथे आशियातील पहिली व्यावसायिक बास्केटबॉल लीग सुरू झाली. आपल्याकडे बोळाबोळांत क्रिकेट दिसते तसा तिथे बास्केटबॉल दिसतो. पायात रबरी चपला, आणि माडाच्या खोडाला ठोकलेले कडे असले तरी चालते.

आता गंमत पाहा. अमेरिकेतून मुले जातात ती बास्केटबॉल आणि ख्रिस्त या दोन गोष्टी घेऊन. फिलिपिन्समध्ये २०२० च्या जनगणनेनुसार सुमारे ७९ टक्के लोक रोमन कॅथलिक आहेत. २०२३ च्या जागतिक बास्केटबॉल स्पर्धेचे उद्घाटन मनिलाजवळच्या ज्या बंदिस्त क्रीडागारात झाले आणि जिथे ३८,११५ प्रेक्षकांचा विक्रम नोंदवला गेला, ते क्रीडागार ‘इग्लेसिया नि क्रिस्तो’ या तिथल्याच एका ख्रिस्ती पंथाने बांधलेले आहे. म्हणजे ज्या दोन गोष्टी द्यायला पाहुणे निघाले, त्या दोन्ही यजमानाच्या घरात आधीपासून भरपूर आहेत! कोल्हापूरकरांना तांबडा रस्सा शिकवायला जाण्यातला हा प्रकार.

मग ही मुले का जातात? याचे एक मूळ १९५२ मध्ये सापडते. त्या उन्हाळ्यात अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या टेलर विद्यापीठाचे प्रशिक्षक डॉन ओडल एक कॉलेज संघ घेऊन तैवानला गेले. काळ शीतयुद्धाचा. चीनमध्ये कम्युनिस्टांची सत्ता आलेली आणि तैवान बेटावर चँग कै-शेक यांचे सरकार. संघ स्थानिक संघांशी सामने खेळे आणि मध्यंतरात खेळाडू प्रेक्षकांना ख्रिस्ताचा संदेश सांगत. खेळामुळे गर्दी जमते आणि जमलेल्या गर्दीपुढे बोलता येते, हे सूत्र त्यांना सापडले. दोनच वर्षांनी, १९५४ मध्ये, अमेरिकेत ख्रिस्ती खेळाडूंची एक मोठी संघटना निघाली आणि १९६६ मध्ये दुसरी. पुढे सामन्यांची जागा शिबिरांनी घेतली, कॉलेज खेळाडूंच्या जोडीला शाळकरी मुले आली आणि एका उन्हाळी रिवाजाचे रूप त्याला आले.

या रिवाजाचा आवाका लहान नाही. २००५ मधील एका पाहणीवरून असा अंदाज करण्यात आला की, अमेरिकेतील सुमारे १६ लाख चर्च-सदस्य एका वर्षात अशा अल्पकालीन मिशन सहलींवर परदेशी गेले. त्यात घरे बांधणारे होते, दात तपासणारे होते, इंग्रजी शिकवणारे होते आणि चेंडू घेऊन जाणारेही.

चांगुलपणाचा हिशेब

या सहलींवर सर्वांत कडक टीका बाहेरच्यांनी नाही, घरच्यांनीच केली आहे, हे मला विशेष वाटले. इव्हान इलिच हे कॅथलिक धर्मगुरू. १९६८ साली मेक्सिकोत सेवेसाठी निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांपुढे बोलताना त्यांनी सांगितले की, पाहायला या, शिकायला या, पण आमचे भले करायला येऊ नका. दुसरे उदाहरण कर्ट व्हर बीक यांचे. अमेरिकेतील एका ख्रिस्ती कॉलेजचे हे समाजशास्त्रज्ञ होंडुरासमध्ये राहून काम करतात. १९९८ च्या ‘मिच’ चक्रीवादळानंतर तिथे उत्तर अमेरिकेतून अनेक गट घरे बांधायला आले. प्रवासखर्च धरून त्यांचे एकेक घर तीस हजार डॉलरांच्या घरात गेले. स्थानिक संस्था तसेच घर दोन हजार डॉलरांत उभे करत होत्या. घर कोणी बांधले यावरून त्यात राहणाऱ्यांच्या आयुष्यात काही फरक पडलेला त्यांना दिसला नाही. आणि बांधायला आलेल्यांच्या पुढच्या आयुष्यातही टिकाऊ बदल फारसा आढळला नाही.

हाच हिशेब मैदानावर मांडून पाहा. दहा-बारा मुलांच्या विमानभाड्यात तिथल्या एखाद्या प्रशिक्षकाला किती महिने पगार देता आला असता? शिबिराच्या शेवटच्या दिवशी फोटो निघतात, गळ्यात गळे पडतात, डोळ्यांत पाणी येते. हे सगळे खरे असते. पण खेळ शिकवणाऱ्या कोणालाही विचारा. दोन आठवड्यांत फार तर बाऊन्स पास आणि ले-अपची पावले सांगून होतात. ती मुलांच्या पायांत उतरायला वर्ष लागते, आणि त्या वर्षभर कोणीतरी रोज संध्याकाळी मैदानावर उभे राहावे लागते.

धर्माचा भाग त्याहून नाजूक. दहा वर्षांच्या पोराला नवा बूट हवा असतो. बूट देणारा माणूस जी गोष्ट सांगेल ती तो ऐकतो. याला श्रद्धेची ओळख म्हणायचे की प्रलोभन? आपल्या देशात हा वाद जुना आहे. राज्यघटनेच्या २५ व्या कलमाने धर्माचा प्रचार करण्याचा अधिकार दिला आहे. परंतु त्यात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा अधिकार येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये दिला. सूनबाईच्या मनातली कुरकुर या इतिहासातून आलेली होती आणि ती अगदीच अनाठायी होती असे मला म्हणवत नाही.

आरसा

पण न्याय करायचा तर आरसाही पाहावा लागतो. अमेरिकेतील अलाबामा राज्याने १९९३ साली शाळांत योगासने शिकवण्यावर बंदी घातली. आसनांच्या आडून मुलांना हिंदू केले जाईल, अशी भीती. ही बंदी २०२१ मध्ये उठली तीही अटींवर: आसनांची नावे इंग्रजीत सांगायची, मंत्र म्हणायचे नाहीत, ‘नमस्ते’ म्हणायचे नाही, पालकांची लेखी परवानगी घ्यायची. कॅलिफोर्नियातही शाळेतील योगवर्गांविरुद्ध काही पालक कोर्टात गेले. तिथल्या कोर्टाने २०१३ मध्ये हे वर्ग धार्मिक नाहीत असा निकाल दिला आणि २०१५ मध्ये वरच्या कोर्टाने तो कायम केला. ही बातमी वाचून आपण हसतो. योगाला धर्म चिकटवणाऱ्यांची आपल्याला कीव येते. मग बायबलची गोष्ट सांगणाऱ्या प्रशिक्षकापुढे आपल्या मुलाला बसवताना आपल्याला जे वाटते, तेच अलाबामातल्या आईला ‘नमस्ते’ ऐकून वाटत असेल, हे आपण मान्य करायला हवे.

आणि आपल्या तालमीत तरी काय असते? कोपऱ्यात हनुमान असतो, मातीला नमस्कार केल्याशिवाय कोणी आत उतरत नाही. त्याच तालमीत मुसलमान पैलवानही घडले आणि त्यांच्या धर्माला धक्का लागला नाही. १९३६ च्या ज्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये वृद्ध नायस्मिथ यांनी आपला खेळ जगाच्या मैदानावर पाहिला, त्याच वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मुलांनी बर्लिनमध्ये आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. एक खेळ वायएमसीएच्या घरातला, दुसरे खेळ हनुमानाच्या अंगणातले. पाहणाऱ्यांपैकी कोणालाही खेळ आवडावा म्हणून देव बदलावा लागला नाही.

तेव्हा खेळाच्या मागे देव आहे, ही तक्रार होऊ शकत नाही. देव खेळाच्या मागे उभा आहे की खेळाच्या वाटेत, हे पाहायचे.

नागपाड्यातली संध्याकाळ

याचे उत्तर मला पुस्तकात मिळाले नाही. मुदतीच्या अकराव्या दिवशी मी डेक्कन क्वीनने मुंबईला गेलो आणि संध्याकाळी नागपाड्याच्या मैदानावर जाऊन बसलो.

नागपाडा ही दाट, कष्टकऱ्यांची आणि मुख्यतः मुसलमानांची वस्ती. १९२० च्या दशकात अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी इथे ‘नागपाडा नेबरहुड हाऊस’ सुरू केले. वाचनालय, वर्ग, व्याख्याने, खेळ. आणि दार सर्व धर्मांच्या लोकांना उघडे. १९३६ मध्ये देशातील समाजकार्याची पहिली शिक्षणसंस्था, आजची टाटा समाजविज्ञान संस्था, याच घरात आणि मॅनशार्ट यांच्याच देखरेखीखाली सुरू झाली. बास्केटबॉलची गोडीही इथल्या अमेरिकनांनीच लावली, असे वस्तीतील जुने लोक सांगतात. पुढे बच्चू खान नावाच्या स्थानिक माणसाने पोरांना हाताशी धरून शिकवले. मैदानाला आज त्यांचेच नाव आहे. या वस्तीतून भारताचे कर्णधार अब्बास मुंतसिर घडले. १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला.

मी बसलो होतो तेव्हा पंधरा-वीस पोरे ले-अप मारत होती. एक प्रौढ गृहस्थ शिट्टी न वापरता नुसत्या टाळीवर त्यांना नाचवत होते. जवळच्या मशिदीतून मगरिबची अजान झाली तेव्हा खेळ थांबला, थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला. मला एकदम जाणवले की, हा खेळ इथे आणणारे मिशनरी होते, त्यांना जाऊनही जमाना झाला, आणि खेळ मात्र इथल्या मातीत आणि इथल्या अजानीत राहून गेला.

मी शिकलो तोही असाच. मला बास्केटबॉल शिकवणारे सर मद्रासच्या वायएमसीए कॉलेजातून आले होते. ते कॉलेज हॅरी क्रो बक या अमेरिकनाने १९२० मध्ये काढले आणि १९४३ साली मृत्यू येईपर्यंत ते आपल्या देशातील क्रीडाशिक्षक घडवत राहिले. सर कपाळाला गंध लावून मैदानावर येत.

बक, मॅनशार्ट, एलवूड ब्राऊन हे सगळे श्रद्धाळू ख्रिस्ती होते. ते आणि आजची दोन आठवड्यांची शिबिरे यांत श्रद्धेचा फरक नाही, मुक्कामाचा आहे. ते राहिले, आणि आपल्यानंतर शिकवील असा माणूस तयार करून गेले. चौदा दिवसांत नायस्मिथ यांनी खेळ निर्माण केला हे खरे. पण पंधराव्या दिवशीही ते वर्गात हजर होते.

तीन प्रश्न

मुदत संपली त्या रविवारी मी नातीला सांगितले, “जा किंवा जाऊ नको, ते तू ठरव. पण आधी तुमच्या गटप्रमुखाला तीन प्रश्न विचार. एक, गोष्टीला न बसणाऱ्या मुलाला चेंडू आणि बूट मिळणार का? दोन, दुपारी काय सांगितले जाणार हे तिथल्या आईबापांना त्यांच्या भाषेत आधी कळवले आहे का? तीन, तुम्ही परत आलात की पंधराव्या दिवशी मैदानावर कोण असणार?”

आठवड्याने उत्तरे आली. पहिल्याचे ‘हो’. दुसऱ्याचे, ‘तिथल्या चर्चला सगळे माहीत आहे, पालकांना आम्ही पत्र पाठवू’. तिसऱ्या प्रश्नावर गटप्रमुख थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “याचा आम्ही विचारच केला नाही.” या प्रामाणिकपणामुळेच बहुधा सूनबाईचा विरोध मावळला. नात गेली.

पहिल्याच दिवशी एका चपला घातलेल्या पोराने तिला हुलकावणी देऊन तिच्या पाठीमागून चेंडू काढला. “आजोबा, त्यांना खेळ आमच्याहून चांगला येतो,” ती फोनवर म्हणाली. दुपारच्या गोष्टीच्या वेळी ती गटाबरोबर बसे, बोलत नसे. एका मुलीने तिला विचारले, तुझे चर्च कोणते? हिने फोनमधला घरचा गणपती दाखवला. मुलीने नीट पाहिले आणि म्हणाली, “चार हात? मग बचावाला हाच हवा.”

तिच्या खऱ्या उपयोगाची गोष्ट पाचव्या दिवशी निघाली. तिथल्या शाळेतल्या एका शिक्षिकेला मुलींचा संघ बांधायचा होता. मुलांना शिकवायला गावात दहा जण होते. मुलींच्या सरावाकडे पाहायला कोणी नव्हते. मग रोज संध्याकाळी नात त्या बाईंबरोबर बसली. सराव कसा आखायचा, पंचाच्या खुणा कोणत्या, पहिल्या महिन्यात काय घ्यायचे आणि काय घ्यायचे नाही, असे दोघींनी एक वहीभर लिहून काढले. बाई तिच्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या. कोण कोणाला शिकवत होते, हे सांगणे अवघड.

अशा सहलींनी जग सुधारेल असे मला वाटत नाही, आणि त्या बंद कराव्यात असेही वाटत नाही. मुलांनी जग पाहावे. आपली श्रद्धा लपवू नये आणि दुसऱ्याच्या पोरासमोर ती बुटाच्या खोक्यात घालून ठेवू नये. आणि निघण्यापूर्वी तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर हातात असावे. हे चर्चच्या शिबिरांना जितके लागू, तितकेच परदेशात योगवर्ग काढणाऱ्या आपल्या मंडळींना आणि आदिवासी पाड्यावर दोन दिवसांची शिबिरे घेणाऱ्या आपल्या शहरी संस्थांनाही लागू आहे.

त्या गावात आता मुलींचा संघ आठवड्यातून तीन दिवस सराव करतो. न्यू जर्सीत शनिवारची रात्र असते तेव्हा तिकडे रविवार उजाडलेला असतो. त्या वेळी बाई आणि नात वही उघडून फोनवर बसतात. त्यामुळे रविवारचा आमचा फोन हल्ली अर्धा तास उशिरा येतो. सूनबाईच सांगते, “थांबा जरा, तिचा सराव चाललाय.” आम्ही थांबतो.